लिंगाच्या कर्करोगात जांघेतल्या गाठी काढल्यानंतरचे त्रास कसे टाळायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात या शस्त्रक्रियेसाठी येणारे बरेच जण भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळकडचे असतात. शस्त्रक्रिया होते, आठ-दहा दिवसांत सुट्टी मिळते आणि जांघेत पाणी काढणारी नळी असतानाच माणूस दीड-दोनशे किलोमीटरवरच्या गावी जातो. पुढचे सहा आठवडे घरचीच माणसे जखम सांभाळतात. हे पान मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. यातली कोणतीही गोष्ट तुमच्या डॉक्टरांनी वेगळी सांगितली असेल, तर त्यांचे ऐका. त्यांनी तुमची जांघ आतून पाहिलेली असते.

लिंगावरची गाठ काढली, जांघेत तर हाताला काही लागत नाही. मग जांघ कशाला उघडायची?

कारण हा कर्करोग पसरतो तेव्हा लसिकावाहिन्यांतून, म्हणजे लसिका (लिम्फ) हा शरीरातला पाणचट द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, आधी जांघेतल्या लसिकाग्रंथींमध्येच जातो. या ग्रंथी प्रत्येकाच्या जांघेत असतात, त्यांनाच या पानात जांघेतल्या गाठी म्हटले आहे. मूळ गाठ जोखमीची असेल, म्हणजे खोलवर गेलेली किंवा पेशींची ठेवण बिघडलेली असेल, तर हाताला काहीही न लागणाऱ्या जांघेतही दर चार-पाच जणांमागे एकाला कर्करोगाचे सूक्ष्म कण असतात. सीटी किंवा एमआरआयमध्ये ते दिसत नाहीत. ते तिथे असताना लवकर काढले, तर पूर्ण बरे होण्याची शक्यता चांगली असते. गाठ हाताला लागेपर्यंत थांबले, तर ती शक्यता बरीच घटते. म्हणून मूळ शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या आत जांघेची तपासणी-शस्त्रक्रिया उरकावी, असे सांगितले जाते. लसिकेच्या वाटा मध्यरेषा ओलांडून पलीकडेही जातात, त्यामुळे सहसा दोन्ही जांघा पाहाव्या लागतात.

"पाय सुजतो, जखम भरत नाही" असे ऐकून लोक शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. पुढचे सगळे वाचताना एक गोष्ट लक्षात असू द्या: जखमेचे बहुतेक त्रास बरे होतात आणि सुजलेला पाय आटोक्यात ठेवता येतो. उशिरा सापडलेल्या गाठीचे तसे नसते.

इतका त्रास नेमका जांघेतच का होतो?

याची चार कारणे आहेत आणि ती कळली की पुढची पथ्ये आपोआप समजतात.

पहिले कारण, जांघेच्या कातडीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या कातडीखालच्या चरबीच्या वरच्या थरातून जातात. गाठी त्याच्या लगेच खाली असतात. चरबीचा हा थर पातळ राहिला की वरची कातडी उपाशी पडते आणि टाक्यांच्या कडा काळ्या पडतात.

दुसरे, पूर्ण पायाची लसिका याच दारातून वर जाते. गाठी काढल्या की ते दार बंद होते आणि कापलेल्या वाहिन्यांची तोंडे उघडी राहतात. रक्तात गोठण्यासाठी प्लेटलेट असतात, लसिकेत त्या नसल्यासारख्याच. म्हणून हा पाझर रक्तासारखा आपोआप थांबत नाही.

तिसरे, गाठी जिथून काढल्या तिथे पोकळी उरते आणि पोकळीत पाणी साचते. चौथे, ही जागा घडीची, घामाची आणि लघवी-संडासाच्या वाटेला लागून आहे. तिथले जंतू दोन बोटांच्या अंतरावर असतात आणि प्रत्येक पावलाबरोबर जखमेवर ताण येतो.

पूर्वीच्या उघड्या शस्त्रक्रियांत निम्म्याहून अधिक रुग्णांना यातला कोणता ना कोणता त्रास होत असे. आता सुधारित पद्धतींनी हे प्रमाण घटले आहे, पण पूर्ण टळलेले नाही.

कोणता त्रास केव्हा होतो?

पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तस्राव. पहिल्या काही आठवड्यांत पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी. तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत कातडीच्या कडा काळ्या पडणे, पू होणे, टाके उसवणे. नळी काढल्यावर, साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात, पाणी साचून जांघ फुगणे. पायाची कायमची सूज मात्र सावकाश येते, कधी काही महिन्यांनी तर कधी वर्षानंतर.

शस्त्रक्रियेआधी आपल्या हातात काय आहे?

पुष्कळ आहे.

*खर्रा, बिडी, सिगारेट.* किमान चार आठवडे आधी पूर्ण बंद. नागपुरात "मी बिडी ओढत नाही, फक्त खर्रा खातो" हे उत्तर रोज मिळते. खर्र्यात तंबाखूच असते. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळते आणि जांघेची कातडी नेमकी त्याच वाहिन्यांवर जगते. शस्त्रक्रियेनंतर वॉर्डाबाहेर जाऊन खाल्लेली एक पुडीसुद्धा जखमेवर परिणाम करते. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांनी पुड्या आणू नयेत. सोडणे जड जात असेल तर आधीच सांगा, त्यासाठी औषधे आहेत.

*साखर.* मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी करून घ्या. ती आठच्या वर असेल तर आधी औषधे नीट बसवून घ्यावीत. रुग्णालयात असताना साखर १८०च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो. वाढलेल्या साखरेत जंतू पोसतात आणि जखम भरत नाही.

*प्रथिने.* रक्तातले अल्ब्युमिन ३.५च्या खाली असेल तर जखम उसवण्याचा धोका वाढतो. दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७० ते ९० ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, पावशेर दुधात ८, मूठभर (५० ग्रॅम) फुटाण्यांत १० आणि ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत सुमारे २५ ग्रॅम मिळतात. नुसत्या वरण-भातावर हा आकडा गाठता येत नाही. वरणात पाणी जास्त आणि डाळ कमी असते. घट्ट वरण, झुणका, पातोडी, दही, अंडी यांची रोज भर घाला. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी विचारा.

*जांघेची कातडी.* याकडे फार कमी लोक लक्ष देतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात जांघेत गजकर्ण होणे नेहमीचे. ते आधी बरे करून घ्या. मेडिकल स्टोअरमधून चिठ्ठीविना मिळणाऱ्या बऱ्याच मिश्र मलमांत स्टेरॉइड असते. खाज लगेच थांबते, पण महिनोन्महिने लावल्यावर जांघेची कातडी कागदासारखी पातळ होते. असे मलम वापरले असेल तर ट्यूब घेऊन जा आणि डॉक्टरांना दाखवा. पायाच्या बोटांमधल्या चिखल्या आणि टाचांच्या भेगाही आधी भरून आणा. जांघेचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. बारीक चिरांतून जंतू शिरतात. रुग्णालयात यंत्राने कापतात.

*पायाचे माप.* शिंप्याची टेप घ्या. दोन्ही पायांचा घेर घोट्यापाशी आणि तिथून वर दर १० सेंटिमीटरवर मोजून वहीत लिहा. सहा महिन्यांनी "पाय आधीपासूनच असा होता का?" हा वाद घालावा लागणार नाही.

मूळ गाठीत पू होता. जांघ उघडण्याआधी सहा आठवडे गोळ्या घेऊन थांबायचे का?

पूर्वी तशी पद्धत होती. जांघेतली गाठ जंतुसंसर्गामुळे सुजली आहे की कर्करोगामुळे, हे कळावे म्हणून चार ते सहा आठवडे प्रतिजैविके देऊन वाट पाहत. आता हाताला लागणाऱ्या गाठीतून सोनोग्राफीत पाहून सुईने नमुना घेतात आणि त्यावर निर्णय होतो. मूळ जागेचा संसर्ग आटोक्यात आणणे गरजेचे आहेच, पण गाठीची तपासणी न करता नुसते थांबणे धोक्याचे आहे. "अवधान (जांघेतली सुजलेली गाठ) आलंय, बसेल आपोआप" असे म्हणत घालवलेला महिना फार महागात पडतो.

शस्त्रक्रियेआधी सर्जनना काय विचारावे?

मोकळेपणाने विचारा. चांगल्या सर्जनला असे प्रश्न आवडतात.

सगळ्या गाठी काढायला हव्यात, की पहारेकरी गाठ तपासून भागेल? हाताला गाठ लागत नसेल तर किरणोत्सर्गी द्रव आणि निळा रंग लिंगाजवळ टोचून, लसिका पहिल्यांदा ज्या गाठीत पोहोचते तेवढीच काढून तपासता येते. तिला सेंटिनल गाठ म्हणतात. ती स्वच्छ निघाली तर मोठी शस्त्रक्रिया वाचते आणि त्रास कितीतरी कमी होतात. त्यासाठी न्यूक्लिअर मेडिसिन विभाग आणि सरावलेला चमू लागतो, कारण गाठ चुकली तर रोग आत राहतो. सोय नसेल तर मर्यादित क्षेत्रातल्या गाठी काढण्याची पद्धत असते.

दुर्बिणीतून होईल का? यात मांडीवर, जांघेपासून दूर, तीन छोटी छिद्रे पाडतात. जांघेच्या घडीत चिराच नसल्याने कातडी काळी पडणे आणि टाके उसवणे बरेच कमी होते. पाणी साचणे मात्र फारसे कमी होत नाही, कारण आतून कापलेल्या लसिकावाहिन्या तेवढ्याच असतात. मोठ्या, कातडीला चिकटलेल्या गाठींसाठी ही पद्धत नाही.

मांडीची लांब वरवरची शीर (सॅफेनस) वाचवता येईल का? ती राखली तर पायाची सूज कमी होते. गाठीने वेढलेली असेल तर तिला सोडता येत नाही.

उघड्या शस्त्रक्रियेत चिरा जांघेच्या घडीला समांतर घेणे, कातडीखालची चरबी जाड ठेवणे, लसिकेची तोंडे नुसती जाळण्याऐवजी बांधणे किंवा क्लिपने बंद करणे, कडेची निळसर कातडी तिथेच कापून टाकणे, या बारकाव्यांनी मोठा फरक पडतो. मांडीच्या मोठ्या रक्तवाहिन्या उघड्या पडणार असतील तर शेजारचा स्नायू फिरवून त्यांच्यावर झाकतात. एवढे सगळे सरावाने येते. म्हणून "वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता?" हा प्रश्न उद्धट नाही, तो जरूर विचारावा.

जखमेत फायब्रिनचा गोंद लावून पाझर थांबवण्याचे प्रयोग झाले. चाचण्यांमध्ये त्याचा ठोस फायदा दिसला नाही, त्यामुळे त्यासाठी वेगळे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

नळी (ड्रेन) घरी कशी सांभाळायची?

नळीचे काम पोकळीतले पाणी ओढून कातडी खालच्या थराला चिकटवून ठेवणे. नळीच्या टोकाला जोडलेला डबा दाबलेल्या अवस्थेत असेल तरच ती ओढते. फुगलेला डबा म्हणजे बंद पडलेला पंप.

रोज एकाच वेळी, समजा सकाळी ७ वाजता, हे करा:

१. साबणाने हात धुवा. नळीवरचा चाप बंद करा.
२. डब्याचे तोंड उघडून पाणी मापाच्या भांड्यात ओता. डब्यावरच्या खुणांपेक्षा मापाचे भांडे किंवा मोठी सिरिंज अचूक.
३. तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, डबा पूर्ण दाबा, दाबलेला असतानाच झाकण लावा, मग चाप उघडा.
४. तारीख, किती मिलि, रंग हे वहीत लिहा. दोन नळ्या असतील तर डावी-उजवी वेगळी.

डबा नेहमी जांघेच्या खाली ठेवा. पायजम्याच्या नाडीला पिशवीत बांधा, म्हणजे चालताना नळी ओढली जाणार नाही. आधी रंग लालसर असतो, मग गुलाबी आणि नंतर पिवळसर, पातळ तुपासारखा होतो. हा क्रम उलटला, म्हणजे पिवळे पाणी पुन्हा लाल झाले किंवा गढूळ होऊन वास आला, तर फोन करा.

सर्वांत फसवी गोष्ट अशी: काल १५० मिलि होते, आज एकदम १० आले. घरचे खूश होतात. पण त्याच वेळी जांघ टणक फुगली असेल किंवा नळीच्या कडेने पाणी झिरपत असेल, तर नळी तुंबली आहे. पाझर थांबलेला नाही. कातडीजवळ नळी एका हाताने घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी डब्याच्या दिशेने पिळा. गुठळी सरकली नाही तर रुग्णालयात जा. नळीत घरी पाणी किंवा सलाइन कधीही ढकलू नका.

नळी कधी निघते?

२४ तासांत ३० ते ५० मिलिपेक्षा कमी पाणी, तेही सलग दोन दिवस, हा सर्वसाधारण नियम. कोणाला आठवडा लागतो, कोणाला तीन. घाईने काढली तर पाणी साचते. फार दिवस ठेवली तर तिच्या वाटेने जंतू आत जातात. यासाठीच वही लागते. गावाहून निघण्याआधी तीन दिवसांचे आकडे फोनवर कळवा, कधी एक फेरी वाचते.

नळी काढल्यावर जांघेत पाण्याचा फुगा आला. गावच्या दवाखान्यात सुईने काढून घ्यावा का?

नाही. लहान, मऊ, न दुखणारा फुगा काही आठवड्यांत शरीर स्वतःच शोषून घेते. प्रत्येक सुईबरोबर जंतू आत जाण्याची भीती असते आणि उद्या तो पुन्हा भरतो. फुगा ताणला गेला, दुखू लागला, वरची कातडी लाल झाली किंवा टाक्यांवर ताण आला, तरच निर्जंतुक पद्धतीने आणि शक्यतो सोनोग्राफीत पाहून पाणी काढतात. वारंवार भरत असेल तर पुन्हा नळी घालतात. पाझर महिनाभर हटत नसेल तर पोकळीत चिकटवणारे औषध सोडणे किंवा गळणारी लसिकावाहिनी शोधून बंद करणे असे उपाय आहेत.

टाक्यांच्या कडा काळ्या पडल्यात. जखम उघडणार का?

कडेची दोन-चार मिलिमीटरची कोरडी काळी पट्टी पुष्कळदा सुकून गळून पडते आणि खाली नवी कातडी येते. ती ओढू नका, पाण्याने भिजवून सोलू नका. पट्टी रुंदावत असेल, ओली झाली असेल, वास येत असेल तर मेलेला भाग काढावा लागतो. उघडी पडलेली जखम निर्वात पट्टीने, म्हणजे मशीनने सतत ओढणाऱ्या ड्रेसिंगने, लवकर भरते. टाके शिवलेल्या बंद जखमेवर हीच मशीन आधीपासून लावल्याने फायदा होतो का, यावर अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात, ताण असेल तर तिसऱ्या आठवड्यात. जखम रोज स्वच्छ पाण्याने धुऊन सुती कापडाने टिपा, घासू नका. घडी कोरडी राहिली पाहिजे. घडीत ठेवलेला कोरडा गॉझ घामाने ओला झाला की बदला. उन्हाळ्यात दिवसातून चारदाही बदलावा लागेल. एप्रिल-मे मध्ये कूलरसमोर झोपणे चांगले, पण पावसाळ्यात कूलर हवेतला ओलावा वाढवतो आणि जांघ चिघळते. तेव्हा नुसता पंखा लावा.

झोपून राहायचे की चालायचे?

पूर्वी कातडी चिकटावी म्हणून आठवडाभर अंथरुणात ठेवत. आता दुसऱ्याच दिवशी उठवतात, कारण झोपून राहण्याने शिरेत गुठळ्या होतात. अपवाद एकच: मोठा भाग काढून दुसरीकडची कातडी-स्नायू तिथे बसवला असेल तर सर्जन सांगतील तितके दिवस थांबायचे.

चाला, पण थोडे-थोडे. घरातल्या घरात पाच मिनिटे, दिवसातून सहा-आठ वेळा. बराच वेळ पाय लोंबकळत ठेवून बसू नका. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठा. झोपताना पलंगाच्या पायथ्याखाली विटा ठेवून पाय १५ सेंटिमीटर उंच करा. टाके निघेपर्यंत उकिडवे बसणे, मांडी घालणे, जिने भराभर चढणे टाळा. देशी संडास असेल तर प्लास्टिकची कमोड खुर्ची आणा. स्वस्तात मिळते आणि उसवलेल्या जखमेपेक्षा कितीतरी परवडते. दुचाकी किमान सहा आठवडे नको. किक मारणे तर नकोच. गावी जाताना मोटारीत मागे पाय लांब करून बसा आणि दर तासाला थांबून दहा मिनिटे चाला.

पोटात टोचायचे इंजेक्शन घरीही चालू ठेवायला सांगितले. गरज आहे का?

आहे. कर्करोग, पायाच्या शिरेजवळची शस्त्रक्रिया आणि कमी हालचाल, ही तिन्ही गुठळी होण्याची कारणे एकत्र येतात. हेपरिनच्या प्रकारचे इंजेक्शन, बहुधा एनोक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, कधी चार आठवड्यांपर्यंत देतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा बदलते. या इंजेक्शनने लसिकेचा पाझर थोडा वाढू शकतो, म्हणून काही सर्जन ते दंडात द्यायला सांगतात. पाझर जास्त वाटला तर डॉक्टरांना विचारा, स्वतः बंद करू नका.

लसिका गळतेय म्हणून तेल-तूप बंद करायला सांगितले. खरे आहे का?

जांघेतल्या गळतीसाठी त्याचा उपयोग नाही. आपण खाल्लेली चरबी आतड्याच्या लसिकेतून वर जाते, पायाच्या लसिकेतून नाही. पोटातल्या गाठीही काढल्या असतील आणि नळीतून दुधासारखे पांढरे पाणी येत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आहार बदलावा लागतो. एरवी तेल-तूप तोडून रुग्णाला अशक्त करू नका. जखमेला ताकद हवी असते. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथल्याने जांघेवर ताण येतो.

पाय सुजला. हा हत्तीपाय झाला का?

नाही, पण आपल्या भागात हा प्रश्न समजण्यासारखा आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा हत्तीरोगाचा पट्टा. नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये तीन औषधांची सामूहिक गोळ्यांची मोहीम सुरू झाली होती. हत्तीरोगात डासांमार्फत आलेले जंत लसिकावाहिन्या बिघडवतात. शस्त्रक्रियेनंतर गाठीच नसल्याने लसिका अडते. सूज दिसायला सारखी, कारण वेगळे. म्हणून हत्तीरोगाच्या गोळ्यांनी ही सूज उतरत नाही.

मात्र आधी कधी हत्तीरोग झाला असेल, अंडकोशात पाणी भरले असेल, ताप येऊन पायावर लाल रेघा उठत असतील, तर शस्त्रक्रियेआधीच सांगा. अशा पायाच्या वाहिन्या आधीच कमजोर असतात.

सूज नवी आणि मऊ असताना, म्हणजे बोटाने दाबल्यावर खड्डा पडतो तोवर, ती उतरवणे सोपे. पुढे कातडी जाड होते आणि सूज घट्ट बसते. मापाच्या वहीत २ सेंटिमीटरचा फरक दिसला की लगेच दाखवा. पण अचानक, एकाच पायाची, पोटरी दुखत आलेली सूज म्हणजे गुठळी असू शकते. तिची आधी डॉपलर सोनोग्राफी.

दाबाचे मोजे कसे वापरायचे? नागपूरच्या उन्हात शक्य तरी आहे का?

अवघड आहे, अशक्य नाही. मोजे मांडीपर्यंतचे, मापाने घेतलेले हवेत. सूज जास्त असेल तर आधी कमी ताणली जाणारी पट्टी थरांनी बांधून पायाची सूज उतरवतात आणि मग माप घेतात, नाहीतर सुजलेल्या मापाचे मोजे मिळतात. प्रतिबंधासाठी साधारण २० ते ३० आणि सूज असेल तर ३० ते ४० मिलिमीटर पाऱ्याचा दाब सांगतात. बराच काळ मधुमेह किंवा बिडीची सवय असलेल्यांच्या पायाच्या धमन्या तपासल्याशिवाय मोजे घालू नयेत. रक्त कमी पोहोचणाऱ्या पायाला दाबाने इजा होते.

सकाळी अंथरुणातून उठण्याआधी घाला, कारण तेव्हा पाय सर्वांत बारीक असतो. रात्री काढा. वरची कड गुंडाळू नका. गुंडाळलेली कड मांडीला दोरीसारखी आवळते आणि खालचा पाय आणखी सुजतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा सकाळी ६ ते ११ आणि संध्याकाळी ५ नंतर घालणे हा व्यवहार्य मार्ग. दुपारी पाय उंच करून पडून राहा. मोज्यावरून ओला पंचा फिरवला तरी बरे वाटते. दोन जोड्या ठेवा, रोज सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा, कारण कडक उन्हाने लवचिक धागे मरतात. सहा महिन्यांनी बहुतेक मोज्यांचा दाब संपतो. दिसायला चांगले असले तरी बदला.

अंडकोश आणि लिंगाजवळही सूज आहे. सांगायला लाज वाटते.

ही सूज दोन्ही जांघांची शस्त्रक्रिया झालेल्यांत नेहमी दिसते. घट्ट सुती लंगोट किंवा सपोर्टर दिवसभर वापरा, झोपताना अंडकोशाखाली गुंडाळलेला रुमाल ठेवून ते उंच करा. लघवी झाल्यावर कोरडे टिपा. लपवले तर कातडी चिघळते आणि उपाय लांबतात. पत्नीला किंवा मुलाला सांगता येत नसेल तर वॉर्डातल्या ब्रदरना सांगा.

धानाच्या रोवणीला जाऊ शकतो का?

जखम पूर्ण भरल्यावर शेतातले काम करता येते, पण चिखलात अनवाणी नको. गाठी नसलेल्या पायात जंतू शिरला की त्याला अडवणारे कोणी नसते. काटा, चिखल्या, टाचेची भेग, एवढे कारण पुरते. संध्याकाळी पाय लाल, गरम होतो आणि थंडी वाजून ताप येतो. अशा प्रत्येक झटक्यानंतर सूज थोडी वाढते आणि पुरती मागे जात नाही. गमबूट घाला, घरी आल्यावर पाय धुऊन बोटांमधून कोरडे करा, टाचांना व्हॅसलीन किंवा खोबरेल लावा, नखे सरळ कापा. त्या पायात इंजेक्शन किंवा गोंदण नको. लाली-ताप आल्यास त्याच दिवशी प्रतिजैविक सुरू व्हायला हवे. वर्षातून दोन-तीनदा असे झाले तर दीर्घकाळ पेनिसिलिनसारखे औषध देतात.

मालिश करावी का? हळद, लेप?

सूज उतरवण्याची शिकवलेली पद्धत असते. हात हलका, कातडी नुसती सरकेल इतकाच दाब, दिशा छाती आणि काखेकडे. ती फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. मालिशवाल्याचे जोरात रगडणे उरलेल्या नाजूक वाहिन्या फोडते. ताज्या जखमेवर हळद, लेप, तेल काहीही लावू नका. आत काय चालले आहे ते दिसत नाही आणि जंतूंना थर मिळतो.

मांडीच्या पुढच्या भागाला बधिर वाटते.

कातडीच्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे होते. काही महिन्यांत कमी होते, थोडा बधिरपणा राहतो. त्या जागी गरम पिशवी ठेवू नका, भाजलेले कळत नाही.

नंतर केमो किंवा रेडिएशन सांगितले तर?

तीन किंवा अधिक गाठींत कर्करोग निघाला किंवा तो गाठीचे कवच फोडून बाहेर आला, तर ओटीपोटातल्या गाठी आणि पुढच्या उपचारांचा विचार होतो. रेडिएशनने पायाची सूज वाढते, म्हणून मोजे आधीपासून सुरू करा. जखम भरल्याशिवाय रेडिएशन देत नाहीत. जखम रखडली की पुढचा उपचारही रखडतो, हेही पथ्य पाळण्याचे एक मोठे कारण आहे.

खर्चाचे काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया येतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच भेटा. मोजे, कमोड खुर्ची, ड्रेसिंगचे सामान यांचा खर्च बहुधा घरून करावा लागतो, तो वेगळा धरून ठेवा.

ताबडतोब रुग्णालयात कधी जायचे?

ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, लाली पसरत असेल, घाण वासाचा पू आला, नळी निघून आली, एका पायाची पोटरी दुखून सुजली, तर त्याच दिवशी. धाप लागली, छातीत दुखले किंवा जांघेतून भळभळ रक्त आले तर त्याच मिनिटाला. रक्त येत असेल तर रुग्णाला सपाट झोपवा, स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून दोन्ही तळव्यांनी पूर्ण जोराने दाबा आणि १०८ ला दुसऱ्या कोणाला तरी फोन करायला लावा. रक्त थांबले का हे पाहायला हात उचलू नका, गाडी येईपर्यंत दाबून ठेवा.

किती वर्षे तपासणी?

पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, मग पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी. मधल्या काळात महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी दोन्ही जांघा बोटांनी चाचपा. जखमेची जुनी गाठोळी हळूहळू मऊ होत जाते. नवी, टणक, वाढणारी गाठ लागली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. येताना नळीची आणि मापाची वही, गाठींचा तपासणी अहवाल आणि चालू मोजे सोबत आणा.